बिलकिसबाईंचा एक

आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर एक पाटी होती. ‘संगणकास विनाकारण हात लावू नये. कारण असल्यास सरांना विचारावे. सरांना विनाकारण विचारू नये.’

पुण्यातल्या अशा पाट्यांचं लोकांना फार कौतुक. बाहेरगावचे पाहुणे त्या वाचून हसतात. मला मात्र ती पाटी आठवली की आजही कानशिलं तापतात, कारण आत अगदी तिच्यावर लिहिल्याप्रमाणेच कारभार चालायचा.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. कात्रजहून बसने यायचे. आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब कायम कुलूपबंद असायची, म्हणून वडिलांनी मला सदाशिव पेठेतल्या या क्लासला घातलं. सी भाषा, सहा महिने, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. क्लास दीनानाथ सरांचा. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत बाकं, दुसरीत यंत्रं. यंत्रांच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, यंत्रावरचं फुलाफुलांचं कापड घडी करून ठेवायचं, निघताना पुन्हा घालायचं. देवघरात इतकं सोवळं आमच्या घरीही नव्हतं.

पहिल्याच दिवशी माझ्या बाकावर दोन बाया येऊन बसल्या. एक बिलकिसबाई शेख. वय सेहेचाळीस, सुती साडी, पदर खांद्यावर घट्ट पिन लावलेला, मांडीवर रिकामा डबा. दुसऱ्या त्यांच्या मैत्रीण कुसुमताई, त्यांच्याहून थोड्या मोठ्या, केस पांढरे. दोघीही क्वार्टर गेटजवळच्या एका निमसरकारी कार्यालयात टायपिस्ट होत्या. वीस-बावीस वर्षं शेजारी शेजारी टेबलं.

दीनानाथ सरांनी आल्या आल्या कुसुमताईंना विचारलं, “आजी, नातवाच्या ॲडमिशनसाठी आलात का?”

“नाही. माझ्याच,” कुसुमताई म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला. सर पण हसले. कुसुमताई हसल्या नाहीत. पुढे रोज काहीतरी असायचंच. ‘आजी, चष्मा आणलात का’, ‘आजी, झोप झाली का’. पंधरवडाभर त्यांनी काढला आणि एक दिवस पायात चपला घालता घालता म्हणाल्या, “बिलकिस, मी जाईन वाघोलीला. पण या माणसाच्या तोंडाला पुन्हा लागणार नाही.”

हे वाघोलीचं प्रकरण असं होतं. त्यांच्या कार्यालयात एक परिपत्रक निघालं होतं. टंकलेखन विभाग बंद होणार आणि त्या जागी कॉम्प्युटर कक्ष येणार. जी टायपिस्ट दिलेल्या मुदतीत कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग शिकून दाखवेल ती कक्षात राहील. बाकीच्यांची बदली वाघोलीच्या गोदामात, मालाच्या नोंदींवर. आता पत्रं टाइप करायला सी भाषा कशाला लागते, असं कुणीही विचारलं नाही. वर बसलेल्या कुणालातरी कॉम्प्युटर म्हणजे प्रोग्रॅमिंग एवढंच ऐकून माहीत होतं. त्याने लिहिलं, खालच्यांनी सही केली आणि दोन बायकांचं आयुष्य त्यावर टांगलं गेलं.

बिलकिसबाई भवानी पेठेत राहायच्या. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला आणि त्या वडिलांकडे परत आल्या. त्यांचे वडील दादामियाँ बाइंडर. पेठेतल्या कितीतरी वकिलांची आणि शाळांची पुस्तकं त्यांनी बांधली होती. पुढे मधुमेहाने त्यांची नजर गेली. रोज दुपारच्या सुट्टीत बिलकिसबाई कार्यालयातून चालत घरी जायच्या, वडिलांना इंजेक्शन द्यायच्या, जेवायला वाढायच्या आणि घंटेला परत टेबलावर असायच्या. तेव्हाची वाघोली म्हणजे नगर रस्त्यावरचं लांबचं गाव. सकाळी पीएमटीने गेलं की संध्याकाळीच परत. मग दुपारी दादामियाँना कोण बघणार? त्यांना कक्षात राहायचं होतं ते एवढ्यासाठीच. बढती नको होती की पगारवाढ नको होती. दुपारी घरी जाता यावं, बस.

म्हणून कुसुमताई गेल्या तरी बिलकिसबाई येत राहिल्या.

क्लासमध्ये काय शिकवायचे? सर खुर्चीत बसून वही वाचायचे, आम्ही उतरून घ्यायचो. दोन महिने आम्ही नुसतं लिहिलं. मग लॅब सुरू झाली तर एका यंत्रावर तिघं. आमच्या यंत्रावर मी, बिलकिसबाई आणि इंजिनिअरिंगचा एक मुलगा. तो कीबोर्ड पोटाशी धरून बसायचा. सरांचा नियमच होता, ‘मुलं टाइप करतील, लेडीज बाजूला बसून उतरून घेतील.’ मला राग यायचा, पण मी गप्प होते. बिलकिसबाई तीन आठवडे गप्प होत्या. चौथ्या आठवड्यात त्या मुलाला म्हणाल्या, “बाळ, तू एका बोटाने टाइप करतोस. मी दहा बोटांनी करते. ऊठ जरा.”

तो इतका चमकला की उठलाच.

बिलकिसबाईंनी खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली आणि पडद्यावर एक ओळ छापणारा प्रोग्रॅम वहीत बघून टाइप केला. बोटांकडे एकदाही पाहिलं नाही. कळा अशा खणखण वाजल्या की केबिनमधून सर ओरडले, “अहो बाई, कीबोर्ड आहे तो, पाटा-वरवंटा नाही!” वहीत ‘हॅलो’ छापायला सांगितलं होतं. त्यांनी तिथे ‘दादामियाँ’ घातलं. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. काळ्या पडद्यावर वडिलांचं नाव आलं तशी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “श्यामला, बघ. आम्ही सांगितलं आणि त्याने ऐकलं.”

नवीन शिकणाऱ्याला मिळणारा तो आनंद मला माहीत आहे. मी आता कंपनीत कोड लिहिते, तरी तो पुन्हा त्या तोलाचा मिळालेला नाही.

पुढच्या आठवड्यात एक ते दहा आकडे छापायचे होते. प्रोग्रॅम छोटा. एकपासून सुरू कर, दहापर्यंत जा, प्रत्येक आकडा छाप. बिलकिसबाईंनी टाइप केला. यंत्राने लाल पट्टी दाखवली आणि इंग्रजीत सांगितलं, ‘ओळख नसलेलं चिन्ह’, आणि पुढे अवतरणात ते चिन्ह. बिलकिसबाईंनी नीट वाचलं, पुन्हा वाचलं आणि उठून केबिनच्या दाराशी गेल्या.

“सर, हा म्हणतो एक माहीत नाही.”

“कोण म्हणतो?”

“कॉम्प्युटर. अनडिफाइन्ड सिम्बॉल म्हणतो, आणि पुढे एक लिहितो.”

सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अहो बाई, कॉम्प्युटरला जगात दोनच गोष्टी माहीत असतात. शून्य आणि एक. त्यातला एक तुम्ही त्याला विसरायला लावलात? धन्य आहे!”

खोली हसून दणाणली. आमच्या यंत्रावरचा तो मुलगा तर डोळे पुसत होता. सर म्हणाले, “घरी जा, नोट्स वाचा.”

त्यांनी नोट्स वाचल्या. प्रोग्रॅम पुसून पुन्हा टाइप केला. तीच लाल पट्टी. पुढच्या वेळी पुन्हा तेच. वर्गात त्यांना आता ‘एकबाई’ म्हणू लागले होते. परीक्षेत नेमका आकड्यांचा प्रोग्रॅम आला. बाकीच्यांनी सरांच्या वहीतला पाठ केलेला उतरवला, त्यांचे चालले. बिलकिसबाईंचा चालला नाही. सरांनी त्यांच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं आणि म्हणाले, “पुढच्या बॅचला या.” पुढची बॅच संपायच्या कितीतरी आधी कार्यालयातली मुदत संपत होती.

इथे कुणालाही वाटेल, बाईंनी हात टेकले असतील. त्यांनी उलट आपला कसबी उपाय केला. आपल्या प्रोग्रॅमचा छापलेला कागद घेऊन त्या कार्यालयात गेल्या आणि कुसुमताईंना म्हणाल्या, “ताडून बघू.”

टायपिस्ट लोकांची ही जुनी पद्धत. महत्त्वाचा कागद टाइप झाला की एकीने मूळ मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम, कंस, मोकळी जागा सगळं बोलून. दुसरीने टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवत जायचं. या दोघींनी अशी हजारो पानं ताडली होती आणि त्यातून कधी चूक सुटल्याचं कुणी म्हटलं नव्हतं. कुसुमताईंनी वही वाचली, “कंस सुरू, आय बरोबर एक, अर्धविराम, आय लहान किंवा बरोबर एक शून्य...” बिलकिसबाईंचं बोट एकेका अक्षरावरून गेलं. दुसऱ्यांदा अदलाबदल करून वाचलं. काही फरक नाही.

“वहीत आहे तेच कागदावर आहे,” कुसुमताई म्हणाल्या. “तुझं यंत्रच नाठाळ आहे.”

परीक्षेनंतरच्या रविवारी क्लासमध्ये सरावाला फारसं कुणी नव्हतं. बिलकिसबाई एकट्या यंत्रापुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, “द्या, मी टाइप करते.” मी त्यांच्याच कागदावरून टाइप केलं. चाललं. एक ते दहा सरळ खाली उतरले. मग त्यांनी टाइप केलं. लाल पट्टी. तोच कागद, तेच यंत्र.

“म्हणजे माझ्याच हाताला काहीतरी आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

“पुन्हा करा,” मी म्हटलं. या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांच्या हातांकडे बघत राहिले. एक टाइप करायची वेळ आली आणि त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट खाली गेलं.

“थांबा. एक कुठून दाबलात?”

“एलवरून. आणखी कुठून?”

“एल तर अक्षर आहे.”

“अगं, छोटा एल म्हणजेच एक. आमच्या मशीनवर आकडे दोनपासून सुरू होतात. एकची कळ नसतेच. एक हवा असेल तर एल मारायचा. सगळीकडे तसंच शिकवतात.”

मी त्यांचा डावा हात धरला आणि वरच्या रांगेत डावीकडे नेऊन ठेवला. “ही बघा. एकची कळ.”

त्यांनी वाकून ती कळ बघितली. “मी कधी खाली बघितलंच नाही गं. कळांकडे बघून टाइप करणाऱ्याला आमच्या परीक्षेत नापास करायचे.”

त्या बारक्या, मळकट पडद्यावर एल आणि एक जुळे भाऊ दिसायचे. कागदावर तर विचारूच नका. आणि ताडून काय होणार होतं? वाचणारी टायपिस्ट, ऐकणारीही टायपिस्ट. दोघींच्या लेखी तो एकच होता. यंत्र बिचारं खरं तेच सांगत होतं, की एल नावाचं काही मला माहीत नाही.

बिलकिसबाईंनी प्रत्येक एल पुसून एक घातला. पडद्यावर आकडे उतरले. त्या मोठ्याने मोजत गेल्या आणि दहाला थांबून हसल्या. “चल, सरांना सांगू. पुन्हा परीक्षा घेतील.”

मला वाटलं होतं, सर चकित होतील. सरांनी वर्तमानपत्र खाली केलं, ऐकलं आणि म्हणाले, “हो, टायपिस्टांचं होतं तसं. दर बॅचला एखादी निघतेच.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“मग? इतकी वर्षं क्लास चालवतोय.”

“मग सांगितलं का नाही?”

“सिलॅबसमध्ये आहे का ते? आपल्या चुका आपण शोधायच्या असतात. दुसऱ्या बॅचला बसल्या की आपोआप येतं.”

“मग आता परीक्षा घ्या.”

“निकाल लागलेला आहे. पाटी वाचता येते ना? विनाकारण विचारू नये.”

बिलकिसबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “सर, त्या दिवशी तुम्ही मला हसलात. तेव्हाही माहीत होतं तुम्हाला.”

“बाई, गंमत हो! मनाला काय लावून घेता!”

त्या वळल्या. यंत्रावर कापड घातलं, त्याची टोकं नीट केली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

त्या माणसाला शिकवता येत नव्हतं असं असतं तर मी क्षमा केली असती. शिकवता न येणारे पुष्कळ असतात. पण याला उत्तर ठाऊक होतं. एक बोट उचलून ‘ती कळ दाबा’ एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी त्याने दर बॅचला एक बाई हसण्यासाठी ठेवली आणि तिलाच दुसऱ्यांदा फी भरायला लावली. त्या दारातून अशा किती जणी मान खाली घालून गेल्या असतील, आपल्यालाच डोकं नाही असं आयुष्यभर समजून! पाटीवर हसणाऱ्या पाहुण्यांना मला हे सांगायचं असतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात विभागप्रमुख हिंदुराव साहेबांनी बिलकिसबाईंना बोलावून बदलीच्या आदेशाचा मसुदा दिला. नावं दोन, बिलकिस शेख आणि कुसुमताई. टाइप करायला दिला तो बिलकिसबाईंनाच. दुसरं कुणी होतंच कुठे! त्यांनी तो टाइप केला आणि सहीसाठी आत नेला. पुढचं मला त्यांनीच सांगितलं आणि नंतर कुसुमताईंनीही, नक्कल करून.

“साहेब, यात चूक आहे.”

हिंदुरावांनी चष्मा लावला. “कुठं? मला तर दिसत नाही.”

“तारखेत एक आहे ना, तो एक नाही. एल आहे. जावक क्रमांकातला एकही एल आहे.”

“वाचताना तर एकच येतोय.”

“तुम्हाला येतोय. कॉम्प्युटरला येत नाही. इतकी वर्षं अशाच एलवर तुम्ही सह्या केल्यात, साहेब. एकही कागद परत पाठवला नाहीत. आणि त्याच एलसाठी मला वाघोलीला पाठवताय.”

हिंदुरावांना ते नीटसं कळलं नसावं. त्यांनी विचारलं, “सर्टिफिकेट आहे का?”

“नाही. बोटं आहेत. कॉम्प्युटर कक्षात झाकून ठेवलाय. काढा कापड.”

हिंदुराव वाईट माणूस नव्हते, आळशी होते. पण बाई दारातून हलेना आणि बाहेर अर्धं कार्यालय कान देऊन उभं. ते उठले. मी बिलकिसबाईंना एक फ्लॉपी करून दिली होती, सी भाषा घातलेली. त्यांनी ती पर्समधून काढून आत सरकवली आणि टाइप करायला लागल्या. मागे लोकांची गर्दी. एक टाइप करायची वेळ आली तसं ते करंगळीशेजारचं बोट सवयीने खाली निघालं आणि कळेच्या वर थबकलं. मग डावा हात उठला, वर गेला.

आकडे खाली उतरले. हिंदुरावांनी ते दहापर्यंत मोठ्याने वाचले, जणू तेच तपासणारे. “ठीक आहे,” म्हणाले आणि आदेशातल्या एका नावावर पेनाने रेघ मारली.

“आणि कुसुम?” बिलकिसबाईंनी विचारलं.

“त्यांनी क्लास अर्ध्यावर सोडला. नियम आहे.”

“क्लास त्यांनी सोडला नाही, साहेब. त्यांना सोडायला लावला.”

“ते कागदावर नाही ना, शेखबाई.”

तो आदेश पुन्हा टाइप करावा लागला, एका नावाचा. तोही बिलकिसबाईंनीच केला. त्या मला म्हणाल्या, इतक्या वर्षांत हात असा जड कधी झाला नव्हता. दुपारी त्या नेहमीप्रमाणे घरी गेल्या. दादामियाँनी विचारलं, “राहिलीस ना?” त्या म्हणाल्या, “मी राहिले, अब्बा.” आणि त्यांना वाढलं.

महिन्याभराने क्लासच्या जिन्यात दीनानाथ सरांनी नवा फलक लावला. त्यावर बिलकिसबाईंचा फोटो, प्रवेश अर्जावरचा. खाली, ‘पन्नाशीतही यश! आमची विद्यार्थिनी आज कॉम्प्युटर कक्षात!’ मी त्यांना कळवलं. त्या संध्याकाळी आल्या, जिन्यातला बाक ओढला, त्यावर चढल्या आणि फोटो काढला.

“अहो, तुमचंच नाव होतंय की!” सर वरून म्हणाले.

“माझं वय सेहेचाळीस आहे,” बिलकिसबाई म्हणाल्या. “आणि तुमच्या सिलॅबसमध्ये मी नाही.” बाक त्यांनी परत जागेवर लावून ठेवला.

कुसुमताई वाघोलीला जातात. पाठदुखी असूनही त्या खडखड्या बसने, गेली पाच वर्षं. गोदामात उन्हाळ्यात पत्रा तापतो. हे लिहिताना मला राग येतो तो त्यांच्यासाठी. बिलकिसबाईंना एक कळ सापडली म्हणून त्या राहिल्या; कुसुमताईंना ती शोधायलाही कुणी बसू दिलं नाही.

पण हल्ली शनिवारी कार्यालय सुटलं की कुसुमताई वाघोलीहून थेट कक्षात येतात. हिंदुरावांनी एकदा हटकलं होतं, “शेखबाई, कार्यालयाचं यंत्र आहे.”

“कार्यालयाचीच माणसं आहोत, साहेब,” बिलकिसबाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

परवा मी गेले होते. कुसुमताई खुर्चीत, पाठ ताठ, नजर कागदावर. बिलकिसबाई शेजारी उभ्या राहून प्रोग्रॅम वाचत होत्या, अगदी ताडून बघताना वाचतात तसा, कंस, अर्धविराम सगळं बोलून. “आय बरोबर एक,” त्या म्हणाल्या. कुसुमताईंचं उजवं बोट खाली निघालं.

बिलकिसबाईंनी ते वरच्या वर पकडलं.

“तिथे नाही, कुसुम. वर. डावीकडे. खाली बघ, बघितलं तर कुणी नापास करत नाही इथे.”